तिसऱ्या वळणावर दुसरा गिअर

त्याचं खरं नाव विजेच्या बिलावर होतं आणि तिथेच राहिलं. गल्लीत, गिऱ्हाइकांत आणि पुढे पुढे घरातही सगळे त्याला ‘जरासं’ म्हणत. मोटरसायकल दुरुस्त होऊन दारात उभी राहिली, मालकाने किल्लीसाठी हात पुढे केला, की हा म्हणणार, “थांबा, जरासं बघतो.” ते जरासं मग दुपारपर्यंत चाले. त्याच्या हातून गाडी सुधारते याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. सुधारलेली गाडी तो तशीच राहू देईल का, याबद्दल होतं.

वय एक्कावन्न, अंगाने काटकुळा, आणि बसलेला कुणी पाहिलेला नाही. गॅरेजमध्ये एक स्टूल होतं, त्यावर कार्ब्युरेटर बसत. जेवायचा उभ्याने, एक हात मोकळा राहावा म्हणून. न्हाव्याच्या खुर्चीत दहा मिनिटं काढायची वेळ आली की खुर्ची नेमकी कुठे करकरते याचा तो शोध घ्यायचा. न्हाव्याने अखेर त्याचे केस उभ्यानेच कापायला सुरुवात केली. बायको शाळेत कारकून. तिच्या शिलाई मशीनचा वेग त्याने एकदा असा वाढवून दिला की त्यानंतर त्या घरात फक्त सरळ शिवणीचे कपडे शिवले गेले. तेव्हापासून घरातला एकुलता एक स्क्रू ड्रायव्हर ती पर्समध्ये घालून कामाला जाते.

गॅरेज म्हणजे तीन भिंती, वर पत्रा आणि चौथ्या बाजूला रस्ता. मागच्या भिंतीवर लाकडी फळा होता. कुठला पाना कुठे टांगायचा ते कळावं म्हणून फळ्यावर प्रत्येकाचा आकार पांढऱ्या रंगाने काढलेला. पाने मात्र फरशीवर, खिशात, खिडकीत, गिऱ्हाइकाच्या सीटवर. फळा पाहून वाटे, ही मंडळी कधीतरी इथे राहत होती आणि भांडून निघून गेली. रस्त्यापलीकडे लेथवाल्याचं दुकान. लेथवाला आडव्या अंगाचा आणि संथ. फिरत्या लोखंडावरची नजर न काढता तो बोलायचा, आणि बोलायचा तेही नको असलेलं तेवढंच. दोघांची सव्वीस वर्षांची मैत्री होती. ती टिकली कारण मधे रस्ता होता.

तरुणपणी जरासंने शर्यतीची इंजिनं बांधली होती. गावाबाहेरच्या मैदानात चिखलात गोल गोल धावणाऱ्या मोटरसायकली, आणि त्यातल्या पहिल्या तीनमध्ये याची एक तरी असायचीच. त्या धंद्यात गाडी निघाली कशी हे कुणी विचारत नाही, पोचली कितवी एवढंच विचारतात. त्यामुळे तो जे शिकला ते सगळं वरच्या टोकाचं. जोरात फिरणारं इंजिन आणखी जोरात कसं फिरवायचं, त्याला मोठा श्वास कसा घेऊ द्यायचा. पुढे मैदानावर गोदामं उभी राहिली आणि शर्यती बंद पडल्या. शिकलेलं मात्र बंद पडलं नाही. ते त्याच्या हातात तसंच वळवळत राहिलं.

आता ताई.

ताई त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्ह ऑपरेटर. गावामागच्या टेकडीवर पाण्याची टाकी, आणि टाकीशेजारी एक खोली. सकाळी सातला तिथे जाऊन व्हॉल्व्ह उघडायचा, पाण्यात शुद्धीकरणाची पावडर सोडायची, दुपारी व्हॉल्व्ह बंद करून उतरायचं. खात्यात ही नेमणूक म्हणजे शिक्षा समजली जाई. वर माणूस नाही, साहेब फिरकत नाही, गप्पांना कुणी नाही. ताईने ती शिक्षा एकोणीस वर्षं, कुणाला संशय येऊ न देता, मजेत भोगली.

मागच्या वर्षी व्हॉल्व्हच्या खड्ड्यात तिचा पाय घसरला आणि डावा घोटा मोडला. डॉक्टरांनी पट्टी आणि स्क्रू घालून तो जोडला. जोड पक्का बसला, इतका की घोटा वळेनासा झाला. मोटरसायकलचा गिअर असतो नेमका डाव्या पायाखाली. गिअर बदलायचा म्हणजे ताईला अख्खा पाय मांडीपासून उचलून, नेम धरून, लिव्हरवर ठेवून दाबावा लागे. सपाट रस्त्यावर हे चाललं असतं. टेकडीचा रस्ता तीन किलोमीटरचा, चार वळणांचा, आणि त्यातलं तिसरं वळण असं की तिथे रस्ता एकाच वेळी वळतो आणि उठून उभा राहतो. ताईचा पाय हवेत असेपर्यंत गाडी थांबायची, थांबली की डावा पाय टेकायला जायचा आणि तो पाय टेकत नसे. दोनदा ती तिथे पडली. दुसऱ्यांदा तीस किलो पावडरीसकट. त्या दिवशी रस्ता फार शुद्ध झाला.

मग तिने स्वतःच तोड काढली. पायथ्याशी पहिला गिअर टाकायचा आणि थेट टाकीपर्यंत पहिल्यातच चढायचं. चार महिने ते इंजिन तीन किलोमीटर बोंबलत वर गेलं. पाचव्या महिन्यात तापून पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटला आणि गाडी ढकलत भावाच्या दारात आली.

त्याच आठवड्यात खात्याचं पत्र आलं. पंधरा दिवसांनी येणाऱ्या गुरुवारी अकरा वाजता साहेब समक्ष पाहतील, की ऑपरेटर स्वतःच्या वाहनाने, भार घेऊन, न थांबता टाकीपर्यंत पोचते की नाही. न पोचल्यास तिची बदली रेकॉर्ड रूममध्ये होईल. रेकॉर्ड रूम मुख्य कचेरीच्या तळमजल्यावर होती. तिला एक खिडकी होती. ती दुसऱ्या रेकॉर्ड रूममध्ये उघडत असे.

ताईने पत्राची घडी घातली आणि भावाला म्हणाली, “मला दुसऱ्या गिअरमध्ये पायथ्यापासून टाकीपर्यंत ओढणारं इंजिन दे. वेग नको. मधे पाय हलवावा लागता कामा नये.”

“त्याबरोबर जरासा वेग...”

“नको म्हटलं ना.”

गल्लीने अर्थातच सल्ले दिले. बिनगिअरची स्कूटर घे, म्हणाले. ती ताईने आधीच कुणाचीतरी मागून पाहिली होती. पावडरीच्या ओझ्याखाली दुसऱ्या वळणावर स्कूटरला जळका वास येऊ लागला आणि तिसऱ्यावर स्कूटरने राजीनामा दिला. साखळीचं पुढचं दातेरी चाक, स्प्रॉकेट, लहान बसव, म्हणजे चाकाला जोर मिळेल, म्हणाले. त्या गाडीला बसणारं सगळ्यांत लहान स्प्रॉकेट कधीचंच बसलेलं होतं. उरलं होतं इंजिन.

इंजिन त्याने पाच दिवसांत नव्याने बांधलं आणि ते काम चोख होतं. सिलिंडर घासून आणला, नवा पिस्टन, नव्या रिंगा, बेअरिंगं. इथे तो थांबला असता तर ही हकीगत लिहायचं कारण नव्हतं. पण इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, बाकावर सुटं पडलं होतं. हेडमध्ये एक वाट असते, तिला पोर्ट म्हणतात. हवा आणि पेट्रोलचं मिश्रण तिच्यातून इंजिनात शिरतं. कंपनीने ही वाट अठ्ठावीस मिलिमीटर ठेवली होती आणि आतून खरबरीत सोडली होती. खरबरीत काही दिसलं की जरासंचे हात शिवशिवत. वेग वाढवायचा नाहीच आहे, त्याने स्वतःला बजावलं, फक्त श्वास मोकळा करू. दुपारी तीनला ग्राइंडर सुरू झाला. सहा वाजता वाट बत्तीस मिलिमीटर झाली होती आणि आतून इतकी चकचकीत, की तिच्यात त्याला स्वतःच्या मिशीतले पांढरे केस मोजता आले. तिला शोभेलसा मोठा कार्ब्युरेटरही शर्यतीच्या दिवसांपासून फडक्यात गुंडाळून ठेवलेला सापडला. कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याने कुणाला सांगितलं नाही.

मंगळवारी चाचणी झाली. कॅरिअरवर पावडरीची गोणी, गाडीवर ताई, मागून दुसऱ्या गाडीवर हा. सपाटीला इंजिन असं काही सुटलं की लेथवाला हातातलं काम घेऊन बाहेर आला. जरासंला बऱ्याच वर्षांनी तरुण वाटलं. पहिलं वळण बरं गेलं. दुसऱ्यावर इंजिन कुरकुरलं. तिसऱ्यावर त्याने दोन आचके दिले, खोकलं आणि गप्प झालं. ताई पडण्याची तयारी करूनच आली होती, तिने अंग उजवीकडे झुकवून चांगला पाय टेकला आणि सांगितलं, “ओढत नाही.”

त्या क्षणी त्याला कारण माहीत होतं. हे इथेच नोंदवून ठेवलेलं बरं, कारण पुढचे पाच दिवस तो ते शोधत होता.

बुधवारी त्याने कार्ब्युरेटरची सुई एक खाच वर घेतली. मग दोन खाली. पेट्रोल सोडणारे आठ प्रकारचे जेट लावून काढले. गुरुवारी स्पार्कचं टायमिंग पुढे ओढलं तेव्हा इंजिन डब्यात खडे हलवल्यासारखं वाजू लागलं. मागे ढकललं तेव्हा वाजायचं थांबलं आणि ओढायचंही. शुक्रवारी सायलेन्सरमध्ये एक नळी घालून त्याचं तोंड बारीक केलं. शनिवारी लेथवाल्याकडून फ्लायव्हीलला जडशी कडी करून घेतली, म्हणजे हळू फिरतानाही चाकात जीव राहील. त्याने थोडा फरक पडला. घरभर केरसुणी फिरवावी आणि एका खोलीचं दार मात्र उघडू नये, तसं तो पोर्टच्या चारी बाजूंनी काम करत राहिला.

कडी हातात देताना लेथवाल्याने विचारलं होतं, हेडमध्ये काही केलंस का. हा म्हणाला, काही नाही.

“काही नाही, की जरासं?”

यावर त्याला अचानक नववा जेट आठवला आणि तो रस्ता ओलांडून गेला.

रोज दुपारी ताई टाकीवरून उतरली की दोघं पुन्हा चढणीवर जात. परीक्षेपर्यंत तिला सकाळी वर सोडायला खात्याचा ट्रॅक्टर होता, तोही ट्रॅक्टरवाल्याच्या मर्जीवर. इंजिन रोज तिसऱ्या वळणावर मरायचं. जिथे मेलं तिथे जरासं रस्त्यावर खडूने रेघ ओढायचा आणि शेजारी वार लिहायचा. शनिवारपर्यंत चार रेघा झाल्या. प्रत्येक रेघ आदल्या दिवशीच्या किंचित वर होती, आणि तो त्यांच्याकडे मुलाची उंची भिंतीवर मांडणाऱ्या बापासारखा पाहत उभा राहिला. ताईने रेघांमधलं अंतर वितीने मोजलं. दिवसाला दीड वीत, ती म्हणाली. इथून टाकी आठशे मीटर आहे. गुरुवार कुठल्या सालातला ते पत्रात लिहिलेलं नाही, पण बहुतेक याच सालातला असावा.

रविवारी दुपारी ती स्वतःहून गॅरेजात आली. त्याने कार्ब्युरेटर खोलून स्टुलावर ठेवला होता, त्यामुळे पोर्टचं तोंड उघडं होतं. जन्मभर पाइपांच्या तोंडात हात घातलेल्या बाईने सवयीने त्यात बोट घातलं, आतून फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं.

“हे आधीपासून एवढं मोठं होतं?”

तो पाना शोधू लागला. पाना त्याच्या हातात होता.

“तुला विचारतेय.”

“जरासं मोठं केलंय.”

“का?”

तो हातातला पाना पुसू लागला.  मग दारातल्या नळाला लावलेली रबरी नळी ताईने उचलली, नळ अर्धवट सोडला. पाणी नळीतून तिच्या पायाशी गळत राहिलं. तिने तोंडावर अंगठा दाबला, तशी धार रस्ता ओलांडून लेथवाल्याच्या पायरीवर गेली.

“पाणी तेवढंच आहे,” ती म्हणाली. “इंजिन हळू फिरतं तेव्हा ते ओढून ओढून किती हवा ओढणार? तू तिला महामार्ग करून दिलास. आता ती रमतगमत येतेय.”

लेथवाल्याने पायरी पुसत मान हलवली. जरासं तीस वर्षं इंजिनं बांधत होता आणि त्याचं निदान पाणीपुरवठा खात्याने केलं. सगळ्यांत लागलं ते असं, की निदानात एका शब्दाची चूक नव्हती.

उपाय एकच होता, केलेलं काम बुजवायचं. दोन डब्यांतून काढून मिसळायची राखाडी मेटल पुट्टी मिळते. पेट्रोलने ती विरघळत नाही आणि वाळली की तिच्यावर कानस चालते. ती पोर्टच्या तळाला थापून वाट पुन्हा अरुंद करायची, आणि मूळचा लहान कार्ब्युरेटर लावायचा. डब्यावर सूचना छापली होती: चोवीस तास हात लावू नये. सोमवारी सकाळी त्याने ती मोठ्याने वाचली, लेथवाल्यालाही ऐकवली, आणि नऊ वाजता काम हातावेगळं केलं. वाट सुंदर साधली होती, आत जाताना किंचित निमुळती, तळाला हलकासा उठाव.

मग चोवीस तास सुरू झाले. त्याने गॅरेज झाडलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा प्रत्येक पाना फळ्यावर आपापल्या आकारावर टांगला. तीन जागा उरल्या आणि चार पाने उरले. लेथवाल्याच्या दाराच्या बिजागऱ्यांना त्याने तेल दिलं. त्या वाजत नव्हत्या. दोन वाजता तो हेडकडे पाठ करून उभा राहिला. तीन वाजता नुसतं बघायला म्हणून वळला. पुट्टी सुकतेय का हे बघून कळत नाही, ते नखाने कळतं. नखाचा ओरखडा उमटला. ओरखडा मिटवायला बोट फिरवलं, बोटामागे पुट्टी उचलली गेली, ती बसवायला दाबली तर दुसरीकडून सुटली. साडेतीनला ती अख्खी एका तुकड्यात निघून त्याच्या तळहातावर आली. लेथवाल्याने येऊन ती उलटसुलट पाहिली.

“आकार चांगला आलाय,” तो म्हणाला.

मंगळवारी बारा वाजता दुसऱ्यांदा पुट्टी भरताना ताई शेजारी उभी होती. व्हॉल्व्ह सकाळी उघडून ट्रॅक्टरनेच ती खाली आली होती आणि ट्रॅक्टर दारात धडधडत ठेवला होता. त्याने शेवटचा हात फिरवला, मागे सरून मान वाकडी केली, आणि तो पुन्हा पुढे वाकणार इतक्यात तिने हेड उचललं, कापूस भरलेल्या लाकडी खोक्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

“जरासं सुकू दे तरी...”

“वर सुकेल,” असं म्हणून ती ट्रॅक्टरवर चढली. टाकीच्या खोलीत लोखंडी कपाट होतं आणि त्याची किल्ली एकच होती.

बुधवारी सकाळी त्याच्यासमोर बिनहेडाचं इंजिन होतं, भोकात चिंधी कोंबलेलं. एका गिऱ्हाइकाने हॉर्न बिघडला म्हणून गाडी आणली. हॉर्न दुरुस्त झाला, मग आवाज सुधारला, मग गिऱ्हाईक होता तसाच परत दे म्हणू लागलं. दहा वाजता जरासं गॅरेज उघडं टाकून टेकडीकडे चालू लागला. गाडी घेतली नाही. गाडीने पाच मिनिटांत पोचला असता, आणि आपण हेडसाठी नव्हे तर सहज रस्ता बघायला निघालोय, यावर विश्वास ठेवायला पाच मिनिटं पुरली नसती.

त्या रस्त्याने तो शेकडो वेळा वर गेला होता, चालत एकदाही नाही. पहिल्या वळणाला त्याने वेग कमी केला. दुसऱ्याला रस्त्याने त्याचा वेग कमी केला. तिसऱ्या वळणावर पोटऱ्या भरून आल्या आणि तो आपल्या खडूच्या रेघांपाशी उभा राहिला. तिथून पुढे पाऊल टाकताना त्याला जे कळलं ते इंजिनाने पाच दिवस सांगितलं नव्हतं. खरी चढण वळणात नव्हतीच. ती वळण संपल्यावर पंधरा पावलांनी होती, डोळ्याला सपाट दिसणाऱ्या तुकड्यात. वळणाने धाव संपवायची आणि या तुकड्याने माणसाला धरायचं. इथे जोराचा काही उपयोग नव्हता. इथे अगदी सावकाश, जवळजवळ थांबल्यासारखं, पण न थांबता चालत राहावं लागत होतं. आपल्या सगळ्या रेघा या जागेच्या अलीकडे आहेत हे त्याने पाहिलं, आणि बराच वेळ नुसता उभा राहिला.

टाकीच्या खोलीत तो पोचला तेव्हा पावणेबारा झाले होते. चुन्याचा पांढरा हात दिलेली खोली, हिरवं लोखंडी चाक, भिंतीवर घड्याळ, दोरीला बांधलेली नोंदवही, पावडरीचा नाकात चढणारा वास. खिडकीतून खाली गावाची छपरं. ताईने त्याच्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. अजून पंधरा मिनिटं.

तो कपाटाभोवती दोनदा फिरला. मग तिने त्याला चाकाला लावला. दुपारचा व्हॉल्व्ह बंद करायचा होता, ब्याऐंशी फेरे. त्याने पहिले सहा फेरे गॅरेजच्या पद्धतीने मारले. खाली खोलवर, कुठेतरी टेकडीच्या पोटात, धप्प असा आवाज झाला आणि चाक त्याच्या हातात थरथरलं. ताईने त्याचं मनगट धरलं.

“हळू. पाणी धावत असतं, एकदम दार लावलंस तर ते पाइप फोडतं.”

“किती हळू?”

“मधे दुसरा विचार येऊन जाईल इतकं.”

त्याने चाक फिरवलं. वीस मिनिटं लागली. दुसरे विचार येऊन गेले, तिसरे आले. तिसाव्या फेऱ्याला त्याने विचारलं, तू इथे दिवसभर करतेस काय. ताई नोंदवहीत लिहीत होती.

“काही नाही. म्हणून तर इथेच राहायचंय मला. खाली सारखं कुणीतरी काहीतरी नीट करत असतं.”

ती ते त्याला लावून बोलली नव्हती. बोलली असती तर त्याला परवडलं असतं. तो पुढचे बावन्न फेरे सावकाश फिरवत राहिला.

सव्वाबाराला कपाट उघडलं. पुट्टी दातासारखी टणक झाली होती. खोकं मांडीवर घेऊन तो ट्रॅक्टरने टेकडी उतरला, आणि पाच वाजेपर्यंत इंजिन जुळवून, लहान कार्ब्युरेटर लावून त्याने किक मारली. आवाज कानाला बरा नव्हता. जाड, सावकाश, दमा झालेल्या म्हाताऱ्याने जिना चढावा तसा. लेथवाल्याने मशीन बंद करून ठोके मोजले; ते मोजता येत होते. सपाटीला गाडी पंचावन्नच्या पुढे जाईना. आधीपेक्षा मंद होऊन त्याच्या गॅरेजमधून निघणारी ही पहिली गाडी. शाळेतून परतणारी बायको दारात थांबली, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बाकावरचे दोन्ही बारीक स्क्रू ड्रायव्हर उचलून पर्समध्ये टाकले.

गुरुवारी पाणी चार तास उशिरा येईल अशी सूचना गावात लागली होती. एक बाई टेकडी चढते की नाही हे कळेपर्यंत गावाने तोंडं धुतली नाहीत. जरासं साडेनऊपासून तिसऱ्या वळणावर होता. आपल्या रेघा त्याने बुटाने पुसल्या. वळणापुढे पंधरा पावलं मोजून तिथे उभा राहिला, मग सोळावं टाकलं, मग परत पंधराव्यावर आला.

अकरा वाजून चार मिनिटांनी खालून आवाज आला. पहिलं वळण. दुसरं. मग ताई दिसली, पाठीमागे गोणी, दोन्ही पाय फूटरेस्टवर स्थिर, आणि बऱ्याच मागे साहेबांची जीप. वळणात इंजिन जड झालं. बाहेर पडताना आणखी जड. पंधराव्या पावलाला, त्याच्यासमोर, ठोके इतके लांबले की दोन ठोक्यांमध्ये हेड उघडून, बघून, परत बसवता आलं असतं असं त्याला वाटलं. त्याच्या उजव्या हाताने हवेतच ॲक्सिलरेटर पिळला. ताईने पिळला नाही. ती रस्त्याकडे बघत होती. एक ठोका, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, आणि गाडी त्याच्यासमोरून निघून गेली, न थांबता, दुसऱ्यातच.

आणि त्या ठोक्यांमध्ये त्याला एक बारीक ‘टक्’ ऐकू आला. दर ठोक्याला नव्हे. चौथ्या नाहीतर पाचव्या.

साहेबांच्या जीपने वळणात गिअर बदलायला घेतला, बंद पडली, थोडी मागे घसरली आणि तिने हॉर्न वाजवला, कुणाला ते कळलं नाही. साहेब टाकीवर पोचेपर्यंत ताईने व्हॉल्व्हचे बावीस फेरे फिरवले होते. त्यांनी गोणी पाहिली, पाय पाहिला, मोटरसायकल पाहिली आणि विचारलं, वाहनात काही वाढीव बदल केला आहे का. ताई म्हणाली, वाढीव नाही, कमी केलंय. साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून ‘समाधानकारक’ लिहिलं आणि सही केली. रेकॉर्ड रूमला दुसरं कुणीतरी शोधावं लागणार होतं.

जरासं धापा टाकत वर आला तेव्हा जीप निघून गेली होती. अभिनंदन वगैरे राहिलंच. त्याने टकटकीचं सांगितलं. पुट्टी कुठेतरी सुटत असेल. तुकडा आत गेला तर पिस्टन खाऊन टाकेल. आत्ताच्या आत्ता हेड खोलायला हवं.

ताईने गाडी सुरू केली, कान लावला आणि बंद केली. “मला काही ऐकू येत नाही.”

“मला येतं ना.”

“वाळलेल्या पुट्टीला नख लावायचंय तुला.”

“ताई, खरंच येतं.”

 तो खोटं बोलत नव्हता, हे तिला दिसत होतं. पण हेड उघडल्यावर तो काय काय करेल, तेही तिला दिसत होतं.

“आवाज वाढला तर सांग,” ती म्हणाली. “तोवर हात लावायचा नाही.”

या गोष्टीला आता सात महिने झाले. जरासं रोज पावणेसातला तिसऱ्या वळणाच्या पुढे, पंधराव्या पावलावर उभा असतो. ताई येते. चढणीवर थांबता येत नाही, त्यामुळे भाऊबहिणीची भेट अकरा सेकंदांची असते. तो मान खाली घालून ऐकतो आणि ती पुढे जाताना हात वर करतो. मिटलेली मूठ म्हणजे आवाज तेवढाच आहे, उघडा तळहात म्हणजे थांब. तळहात त्याने अजून उघडलेला नाही. एका सकाळी लेथवाला त्याच्याबरोबर आला, ऐकलं, आणि कसला आवाज नि कसलं काय म्हणाला. आठवड्याने काम करता करता, वर न बघता त्याने विचारलं, तो टक् चौथ्या ठोक्याला येतो की पाचव्या.

परवा जरासंला तो सहाव्याला आल्यासारखा वाटला. नक्की करायला त्याने पुन्हा मोजायला सुरुवात केली, आणि मोजून होईपर्यंत ताई चौथं वळण घेऊन दिसेनाशी झाली होती. त्याचा हात अर्धा उघडा, अर्धा मिटलेला, तसाच वर राहिला.